बलक

डंगार्वनच्या चौकात, खाटकाला लागून
चष्म्यांचं दुकान. आत एक खुर्ची
आणि एक यंत्र, ज्याला आधी हनुवटी द्यावी लागते.
ब्लॉनिड म्हणाली, मॅलकी, आत बघ.
निळा ठिपका थरथरायला लागला
की बटण दाब. एवढंच.

एवढंच!
एकतीस वर्षं या खाडीकाठी टपाल वाटलं मी.
घाईत लिहिलेले, रडत लिहिलेले,
पावसानं शाई फुटलेले पत्ते
याच दोन डोळ्यांनी लावले.
एका ठिपक्याचं काय कौतुक.

ठिपका आधी निवांत होता.
मग त्याला हुडहुडी भरली,
खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घातला
की लागते ना, तशी.
दाबलं. पुन्हा दाबलं.
मधेच वाटलं, ठिपका नाही, मीच हलतोय.

डोळ्याच्या पडद्यावर, अगदी मध्यात
मोहरीएवढी जागा असते, ती सांगत होती, पीतबिंदू.
चेहरे तिथे वाचले जातात, आणि पत्तेही.
तिथे एक पिवळा थर असतो,
निळ्या उजेडाची धार बोथट करणारा.
शरीराला तो घरी बनवता येत नाही,
ताटातूनच यावा लागतो:
केल, पालक, मका, अंड्याचा बलक.

बलक म्हणाली
आणि मी हनुवटी काढून घेतली.

अट्रॅक्टा टोबिन, माझी आई.
चाळीस कोंबड्या होत्या तिच्या.
दर शुक्रवारी अंडी टोपलीत, टोपली सायकलवर,
सायकल बाजारात.
घरासाठी चार. एक बापाला,
तीन आम्हा पोरांना, अर्धवट उकडलेली,
पावाची बोटं बुडवून खायला.
तिच्या वाट्याला बटाटा आणि कोरा चहा.
मला नाही आवडत अंडं, म्हणायची,
वास येतो.
आम्ही खरं मानलं. सोयीचंच होतं ते.

एकाहत्तराव्या वर्षी म्हणाली,
स्वयंपाकघरातली खिडकी वाकलीय, सुतार बोलाव.
सुतार आला. ओळंबा सोडला.
चौकट सरळ होती.
तो हसला, मीही हसलो,
आई खिडकीकडे बघत राहिली.

पुढे माझ्या चेहऱ्याच्या जागी धूर आला.
मान तिरकी करून बघायची मग,
कोंबडी बघते तशी, एका कडेनं.
कान दिसतायत तुझे, म्हणायची,
म्हणजे तूच असशील.

तिचं पिवळं कधी कुणी मोजलं नाही.

माझा आकडा आला शून्य पूर्णांक एकोणीस.
कमी आहे, ब्लॉनिड म्हणाली.
हा शाप नाही, आणि वाढला तर वचनही नाही.
वय असतं, रक्त असतं, तुझ्या सिगारेटी असतात,
त्यांनाही मत असतं.
मी विचारलं, आईनं अंडी खाल्ली असती तर?
तिनं पेन खाली ठेवलं.
ते मला माहीत नाही, म्हणाली.
प्रामाणिक पोरगी.

सिगारेटचं पाकीट खाटकाच्या डब्यात टाकलं.
(दुसरं घरी आहे. बघू.)
संध्याकाळी दोन अंडी उकडली
आणि दोन्ही मीच खाल्ली, उभ्यानंच,
कुणी बघत असल्यासारखी.

सुतार तेव्हा ओळंबा विसरून गेला होता.
तो अजून खिळ्यावर आहे.
चौकटीशी धरला. एक डोळा मिटला,
मग दुसरा.
दोरी सरळ. लाकूड सरळ.
खिशात ब्लॉनिडची चिठ्ठी होती,
तिचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून खेकडा गेलेला.
दिव्याखाली नेली नाही,
तिथेच, खिडकीपाशी, उरल्या उजेडात वाचली:
केल, लोण्यात परतून. सहा महिन्यांनी ये.